वंदनाताईचे गोल

माही बहीण मेली. तिनं जीव दिला नाई.

वर्षभर हे तोंडातल्या तोंडात बोलून झालं. आज इथं लिहून राहिली. ज्याले लागायचं त्याले लागो.

मोठेबाबा, तुमाले टॅग केलं आहे. चष्मा लावा अन नीट वाचा.

बाकीच्याईसाठी सांगते. मोठेबाबा म्हणजे आमच्या बाबांचे मोठे भाऊ. बाबा गेल्यापासून आमच्या घराचे कर्ते. कर्ते कमी, बोलते जास्त.

वंदनाताई अमरावतीले एका शाळेत क्लार्क होती. एकटी रूम करून रायची. तीन वर्षांआधी तिले डिप्रेशन आलं. आई अन मी अकोल्याहून गेलो, त पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. आठ दिवस आंग धुतलं नव्हतं.

डॉक्टरनं गोळ्या देल्या. काउन्सेलर मॅडमनं सांगितलं, "वंदना, छोटे छोटे गोल ठेवायचे. रोज एक. जमला की स्वतःला शाबासकी द्यायची."

आई बाजूलेच बसली होती. रूमवर आल्या आल्या तिनं कॅलेंडर काढलं, लाल पेन घेतला अन तारखेवर गोल काढला.

मी म्हटलं, "आई, हे काय करून राहिली?"

"अवं, मॅडमनंच त सांगितलं. रोज एक गोल. आज हिनं तोंड धुतलं, मून काढला."

ताई हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली व, बाप्पा!

मॅडमले सांगितलं त त्या म्हणे, "आईंचं बरोबर आहे. तसंच करा."

मंग तसंच केलं. आई तिच्याजवळच राहिली.

तोंड धुतलं, एक गोल. आंग धुतलं, एक गोल. गेटपर्यंत जाऊन वापस आली, एक गोल. गेट किती दूर? वीस पावलं. तिले चिखलदऱ्याचा घाट चढल्यासारखं व्हायचं. घामाघूम होऊन यायची.

कधी कधी चार-चार दिवस कोरे जायचे. आई काही बोलायची नाई. पाचव्या दिवशी पुन्हा पेन घेऊन उभी.

दिवाळीत दोघी अकोल्याले आल्या. कॅलेंडर सोबतच. तुमी ते पाहिलं, मोठेबाबा. पाहुण्यांनी भरलेल्या घरात काय म्हटलं होतं, आठवते?

"आंग धुतलं मून शाबासकी? पोळ्याले आमचे बैलबी आंग धुतात, त्याईले काय मेडल द्याव?"

सगळे हसले. मीबी थोडी हसली. ते मी सोताले अजून माफ केलं नाई, त तुमाले काय करीन?

ताईनं कॅलेंडर गुंडाळलं अन आतल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चालू. चिवट होती पोट्टी.

सहा महिन्यांनी ती ड्यूटीवर गेली. आई वापस अकोल्याले आली. मंग ताईनं सोताच एक गोल ठेवला. दर रविवारी भाजीबाजारात जायचं अन अनोळखी माणसासोबत बोलायचं. तिथं तिले रुखसानाबी भेटली, भाजीवाली. दोघी बोलायच्या कमी, भांडायच्याच जास्त. फोनवर मले सांगायची, "आज मी जिंकली."

गेल्या वर्षी अशाच एका रविवारी ताई बाजारात कोसळली. मेंदूतली नस फुटली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच तिचा जीव गेला.

रिपोर्ट माह्याजवळ आहे. इथं टाकणार नाई. ते तमाशाचं सामान नाई.

अन तुमी? तेरवीच्या आधी गावभर करून मोकळे! "गोळ्या खाल्ल्या पोट्टीनं. घरचे झाकून राहिले."

मी रिपोर्ट तोंडासमोर धरला. तुमी म्हणे, "डॉक्टर काय, सांगितलं तसं लिहून देतेत."

मी हेबी गिळलं असतं. पन आईनं तुमचं खरं मानलं.

वर्षभर आई मले रोज एकच विचारते. "खरं सांग, तिनं गोळ्या त नाई खाल्ल्या न? मी तिले सोडून यायले नोको होतं."

तिले डॉक्टरचा इंग्रजी कागद वाचता येत नाई. जेठाचं बोलणं मात्र कळते.

मंग मीबी एक गोल ठेवला. चांगला नाई. बदल्याचा.

अमरावतीचा बाजार पालथा घातला. दुसऱ्या रविवारी रुखसानाबी सापडली. म्हटलं, चाल माह्यासोबत.

काल तिथीनं वर्षश्राद्ध झालं. तुमी पहिल्या पंगतीत होते. मी मुद्दाम रुखसानाबीले तुमच्या समोर, आईजवळ बसवलं.

आईनं विचारलं, "शेवटचं काय बोलली व ती?"

रुखसानाबी म्हणे, "अम्मा, मेरे से लड रही थी. बोली, बी, इतने बडे बैंगन काय कू डाली, छोटे छोटे दे. मैं बोली, खुद चुन ले. चुनने कू झुकी, और वैसीच गिरी. मैं सर गोद में ली. हाथ का बैंगन छोडीच नहीं."



आई म्हणे, "लहान वांगे? म्हणजे भरायचे होते तिले."

आई बोटाईवर मोजायले लागली.

"भरल्या वांग्याले दाने भाजा लागतात. मसाला वाटा लागते. जिले मरायचं हाये, ते कायले इतका कुटाना करीन?"

हे आई तुमच्याकडे पाहून बोलली, मोठेबाबा. डोक्यावरचा पदर न सावरता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तुमी अर्धा भात टाकून उठले. हात धुवायले गेले ते गेलेच.

जा, कुठं जाता? आता फॅमिली ग्रुपवर तुमच्या हातानं लिहा, "वंदना आजारानं गेली." जितक्या घरात तुमी ते सांगितलं, तितक्या घरात जाऊन सांगा. तोवर ही पोस्ट राहीन अन तुमचं नाव तिच्यावर राहीन. माफी मांगू नोका, मी देणार नाई.

ताई, आज तारखेनं वर्ष झालं.

आज आईनं मले काही विचारलं नाई.

जाय आता निवांत. तुह्या छोटीचा तुले नमस्कार.