सांगलीची म्हैस साताऱ्यात

१२ फेब्रुवारी १९७४. सकाळपासून दुसऱ्यांदा गोठा धूत होते, कारण म्हैस तीन दिवस पाण्यासारखं शेण टाकत होती.

आमचे मालक पोलिसात हवालदार. सांगलीहून साताऱ्याला बदली झाली तेव्हा ट्रकमध्ये भांड्यांआधी म्हैस चढवली होती. इथला चारा तिला मानवला नाही. ढोरांच्या डॉक्टरांची पूड दिली, उपयोग शून्य. तिचे डोळे खोल गेले, पाय लटपटायला लागले. हातची जाते की काय, असं वाटलं.

सासूबाई म्हणाल्या, "भांगेचा पाला चार तिला. दुसरं काय बी नगं."

सांगलीत यात विशेष काही नव्हतं. आमच्या पोलीस लाइनीतली निम्मी जनावरं त्याच पाल्यावर बरी व्हायची आणि महाशिवरात्रीला भांगेचा पहिला पेला जमादारांच्या हातात जायचा. कायदा दोन्हीकडे एकच. पण साताऱ्याच्या फौजदारांनी खिशात गांजाची पुडी सापडली म्हणून एका शिपायाला घरी बसवलं होतं.

"एक पान जरी घरात आणलंस तर माझा पट्टा जाईल," मालकांनी बजावलं.

घरात आणायचं नाही, एवढं मला कळलं. फौजदारांच्या कचेरीमागं, भिंतीलगतच्या गटाराकाठी भांग माजलेली मी पाहिली होती. मालक बंदोबस्ताला गेल्यावर मी म्हशीचा दोर सोडला. सासूबाई मागून ढकलत होत्या. भर दुपारी तिला कचेरीमागं नेऊन उभी केली आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच तिनं चाऱ्याला तोंड लावलं.

खिडकीतून फौजदार ओरडले, "ओ बाई, काय चाललंय?"

"म्हैस चारतेय, साहेब."

"ती भांग आहे!"

सासूबाईंनी पदर सावरला. "व्हय? मग लावली कुणी? भिंत तर तुमचीच हाय, साहेब."

आतले शिपाई खिदळले. फौजदारांनी झाडं पाहिली, मग म्हैस पाहिली.

"कुठनं आणली ही?"

"सांगलीहून."

"वाटलंच. चारा. मुळासकट संपवा. घरी मात्र काडी न्यायची नाही."

"पोटातनं न्हेली तर चालंल न्हवं?" सासूबाईंनी विचारलं.

फौजदारांनी खिडकी लावून घेतली, पण त्यांचं हसणं बाहेर ऐकू आलं.

मालकांच्या कानावर सगळं आलं होतं. रात्री जेवताना हसू दाबताना त्यांना दोनदा ठसका लागला. म्हैस गोठ्यात सुखानं डुलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेण घट्ट पडलं होतं. मी पदर खोचला, शेणात भुस्सा कालवला आणि लाइनीच्या भिंतीवर त्याच्या शेण्या थापायला घेतल्या.