अध्यक्षांच्या दाराबाहेरचं स्टूल

मी नगरपरिषदेत आस्थापना लिपिक आहे. कोण कुठल्या टेबलावर बसणार, कोणाची रजा, कोणाची बदली, कोण कधी निवृत्त होणार, हे सगळं माझ्या कपाटात असतं. नवरा इथेच नोकरीत असताना गेला आणि त्याच्या जागी मला अनुकंपावर घेतलं. सत्तावीस वर्षं झाली. आता कोणी भांडायला लागलं तरी मान वर करून बघायचा कंटाळा येतो.

अध्यक्षांच्या केबिनबाहेर एक स्टूल आहे. त्यावर आमचे शिपाई मामा बसायचे. पोखर्णीच्या पलीकडच्या वस्तीवरून सकाळच्या जीपने यायचे. ते रोजंदारीवर होते. एकोणतीस दिवस काम, तिसाव्या दिवशी खंड, एकतिसाव्या दिवशी नवा आदेश. नोकरी सलग दिसू नये म्हणून ही युक्ती. खंडाच्या दिवशीही मामा यायचे, फक्त फाटकाबाहेर लिंबाखाली बसायचे. मधली काही वर्षं निवडणूक झाली नाही, प्रशासकच सगळं बघायचे, अध्यक्षांच्या केबिनला कुलूप होतं. मामा त्या कुलपाबाहेर बसत. आदेश निघत राहिले, कारण सही करणारा एकच होता.

मामांकडे आणखी एक काम होतं. कोणी निवृत्त झालं की सभागृहात निरोपाचा कार्यक्रम व्हायचा, आणि हार आणायचे मामा. बसस्टँडजवळच्या फुलवाल्याकडून आणायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत टांगायचे, वेळेवर बरोबर साहेबांच्या हातात द्यायचे. आमच्याकडे रोजंदारीवाल्यालाही साठीला हार आणि शाल मिळते. अट एवढीच की त्या महिन्याच्या हजेरीपटावर नाव पाहिजे.

मामांची साठी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भरत होती. संक्रांतीला तिळगूळ द्यायला माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, मला दुसरं काय बी नको. तेवढं स्टुलावरून जाऊ द्या. लय लोकाचे हार आणले मी."

मी म्हटलं, "मामा, ती काय मोठी गोष्ट आहे."

तोवर निवडणूक होऊन नव्या अध्यक्षा आल्या होत्या. लोकांनी थेट निवडून दिलेल्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे सगळे त्यांना ताई म्हणत. केबिनचं कुलूप उघडलं आणि पहिल्याच आठवड्यात प्रश्न निघाला की अध्यक्षांच्या कार्यालयात माणसं कोणी नेमायची. ताई मला म्हणाल्या, "वहिनी, गल्लोगल्ली फिरून मतं मागितली मी. माझ्या दारात कोण बसंल ते मीच ठरवणार. लोकायनी मला निवडलंय, साहेबाला न्हाई."

मुख्याधिकारी साहेब तरुण होते, पुण्याकडचे. ते म्हणाले, "मॅडम, आस्थापना माझ्याकडे आहे. आज एक शिपाई सोडला, तर उद्या अख्खं कार्यालय त्यांच्या पत्रावर चालेल."

दोघांनीही आपापलं पत्र माझ्याकडे पाठवलं. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचली. ताईंनी शिपायासाठी सुचवलेलं नाव मामांचं होतं. साहेबांनी प्रस्तावित केलेलं नावही मामांचंच होतं.

तेव्हा मी उठायला हवं होतं. दोन केबिनमध्ये वीस पावलांचं अंतर. एक पत्र उचलून दुसऱ्याला दाखवायचं, हसायचं, सही घ्यायची. पण मला भीती वाटली. ताईंची बाजू घेतली असं साहेबांना वाटेल, साहेबांची घेतली असं ताईंना. मला निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. दोन्ही डगरींवर पाय ठेवून मी सत्तावीस वर्षं काढली होती. मग मी माझ्या सवयीची टिपणी लिहिली: सक्षम प्राधिकारी कोण, याबाबत वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन मागवावे. आणि खाली आणखी एक ओळ: तोपर्यंत नवीन आदेश काढू नयेत. ही ओळ मला कोणी सांगितली नव्हती. टिपणी भरीव दिसावी म्हणून मी आपणहून लिहिली. एकमेकांच्या पत्रातल्या नावाकडे दोघांनीही पाहिलं नाही. माझ्या टिपणीवर मात्र दोघांनी त्याच दिवशी सह्या केल्या. त्यांचं एकमत झालेला तो पहिला कागद.

मामांचा एकोणतीस दिवसांचा आदेश संपला. तिसाव्या दिवशी ते लिंबाखाली बसले. एकतिसाव्या दिवशीही. खिडकीतून दिसायचे. रोज दुपारी येऊन विचारायचे, "आलं का वरून कायी?" मी म्हणायची, "येईल, मामा." होळी गेली, पाडवा गेला. मी दोनदा स्मरणपत्र पाठवलं आणि त्यावरच समाधान मानलं. एक दिवस लिंबाखाली कोणी नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे, आणि त्याची मला अजून लाज वाटते. अक्षय्य तृतीया होऊन गेली. हजेरीपटावर मामांचं नाव नव्हतं. कार्यक्रम कोणाला आठवलाही नाही.

मृगाच्या तोंडावर वरून पत्र आलं. चार ओळींचं. प्रकरणी स्थानिक स्तरावर नियमानुसार उचित निर्णय घ्यावा. मी ते साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "मग आपण थांबलो कशासाठी, मॅडम?" ताईंनी वाचून विचारलं, "मामा कुठं हायेत हो, वहिनी? बरेच दिवसात दिसले न्हाईत." मी पत्र परत घेऊन फायलीला लावलं.

त्या रविवारी फुलवाल्याकडून हार घेतला, एक शाल घेतली आणि जीपने मामांच्या वस्तीवर गेले. वाटेत हार मांडीवरच्या उघड्या पिशवीत होता. उन्हाने झेंडू मलूल होत होता आणि मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. माझ्या एका ओळीमुळे झालं, मामा. एवढंच बोलायचं होतं, पण तेही जुळेना.

मामा ओट्यावर बसले होते. बरेच वाळले होते. मला बघून लगबगीने उठले, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी पिशवीतून हार काढला. तो हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला, म्हणाले, "बाई, असा उघडा कामून आणला? सुकायलाय की." आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी रांजणातलं पाणी घेऊन खांद्यावरचं उपरणं भिजवलं, हार त्यात नीट गुंडाळला आणि ओट्याच्या सावलीतल्या खुंटीला अडकवला. हात पुसत माझ्यासमोर येऊन उभे राहिले, अगदी केबिनच्या दाराशी उभे राहायचे तसे.

"बोला बाई," ते म्हणाले, "कोण रिटायर व्हायलंय?"