चिखलातून सुटलेलं गलबत

ज्या गलबतावर मी दर्या शिकलो, ते माझ्यापेक्षा कितीतरी म्हातारं. शिडावर चालणारं. आधी त्याने कौलं वाहिली, मीठ वाहिलं. पुढे ट्रक आले, इंजिनाच्या बोटी आल्या आणि ते आरोंद्याच्या खाडीत नुसतं बांधून पडलं. तेव्हा त्याच्या तांडेलाने, म्हणजे कप्तानाने, मालकाकडून ते मागून घेतलं आणि आसपासच्या मुलांना शिडांचं काम शिकवायला सुरुवात केली. तांडेल बंदरावरच्या मुसलमान घरातला, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर गेलेला.

मी वालावलच्या शेतकऱ्याचा मुलगा. भात लावणाऱ्या घराचं दर्यावर काय काम, असं आईचं म्हणणं. मला सोडायला आली, पण गलबतावर पाय ठेवला नाही. पहिल्यांदा डोलकाठीवर चढलो तेव्हा अर्ध्यातच खाली बघितलं आणि काठीला मिठी मारली. खालून तांडेल शांतपणे म्हणाला, "खाली बघू नको रे. शिडार नजर ठेव."

मी वर पोचलो. खाडीपलीकडचा सगळा समुद्र समोर पसरला होता. मग शेतीत माझं मन रमलंच नाही.

आमच्यातले बरेच जण जहाजांवर लागले, मीही. इकडे तांडेल थकला, मुलं यायची बंद झाली, गलबत चिखलात रुतलं. मागच्या वर्षी नोकरी संपवून परतलो, तर ते फोडून लाकूड विकायचं चाललं होतं. मालकाला थांबवलं आणि जुन्या सोबत्यांना फोन लावले. एकाचं कणकवलीत दुकान, एक मासेमारी करणारा, सगळे आले. कुजलेल्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस ठासला. नवं शीड शिवायला आई आपणहून बसली.

पुनवेच्या उधाणाला, भर दुपारी, अख्खा आरोंदा दोरांना लागला. पाणी चढलं, पण चिखल सोडेना. तळहात सोलवटले. आता ओहोटी लागणार, एवढ्यात आई पदर खोचून पुढे झाली आणि माझ्यामागे तिने दोर धरला. तिच्यामागून बघायला जमलेल्या बायका आल्या. पुन्हा जोर लावला. खालून चिखल सुटल्याचा आवाज झाला, गलबत एका अंगाला कललं, सावरलं आणि तरंगलं.

तांडेलाला आम्ही उचलूनच सुकाणापाशी नेलं. आई काठावर होती.

"माका पण घे रे," ती म्हणाली.

मी हात दिला. शीड वर गेलं, वाऱ्याने टरारून फुगलं.

"तुझ्या झिलाक मीच बिघडवलंय गो," तांडेल हसत तिला म्हणाला.

"बरा केलात," आई म्हणाली.

किनाऱ्यावरचा ओरडा खाडीच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. मग मुख ओलांडून भर समुद्रात गेलो. आता रविवारी गलबतावर पोरं शिकायला येतात. यंदा मुलीही आहेत आणि डोलकाठीवर त्याच आधी पोचतात.