ब तुकडीचं पाणी

आमची ताई शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिच्याशी गप्पा मारणं म्हणजे तोंडी परीक्षाच. "आज गारठा वाढलाय" म्हटलं तरी विचारणार, "कशाच्या तुलनेत?" एकदा वैतागून मी म्हणालो, "अगं, हातच्या कंकणाला आरसा कशाला?" तर म्हणे, "डोळ्यांवर फार विसंबू नकोस. आरसा असलेला बरा." मी शिंपी. मापं घेतल्याशिवाय मीही कापडाला कात्री लावत नाही, पण जेवायला बसताना टेप गळ्यातून काढून ठेवतो.

माझी ठकी मात्र आत्याची परमभक्त. आत्यानं तिला सूक्ष्मदर्शकाखाली तिच्याच गालाच्या पेशी दाखवल्या, तेव्हापासून ती आरशात तोंड वासून उभी असायची. रात्री जेवताना सांगायची, "बाबा, एका जंतूचे दोन होतात, दोनाचे चार. पोटात कुणी अडवलं नाही तर होतच राहतात." माझ्या हातातला घास तसाच राहायचा आणि ही हसायची.

मग शाळेतल्या मुली आजारी पडायला लागल्या. आधी पोटदुखी, मग ताप. ताईचा संशय जुन्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर होता. तिथलं थेंबभर पाणी तिनं काचेवर घेऊन पाहिलं, त्यात वळवळणारे जीव दिसले. पण तीच म्हणाली, "असले जीव डबक्यातही दिसतात. ते दिसले म्हणून त्यांनीच आजारी पाडलं असं होत नाही." मुख्याध्यापकांना टाकी उपसायचीच नव्हती. "पोरी बाहेरचं अरबटचरबट खातात, बाई. पुरावा आणा," म्हणाले.

पुरावा म्हटल्यावर ताईच्या अंगात आलं. ती पहाटे उठून पातेली भरभरून पाणी उकळायची आणि कॅनमधून अ तुकडीला न्यायची. ब तुकडीनं टाकीचंच प्यायचं. दोन्ही वर्ग एकाच वयाचे, एकाच मजल्यावरचे. फरक फक्त पाण्याचा.

ठकी ब तुकडीत होती.

हे कळलं तेव्हा माझी बायको ताईच्या दारात जाऊन उभी राहिली. "वन्सं, दोन्ही वर्गांना उकळून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"मग कळलं कसं असतं?" ताईनं शांतपणे विचारलं. तिला खरंच प्रश्न पडला होता. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता, आणि त्या शांतपणाची भीतीही वाटली.

त्यानंतर बायको ठकीच्या दप्तरात रोज उकळलेल्या पाण्याची बाटली घालायला लागली. ताई हरकत घेणार असं वाटलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "द्या. मी तिला वेगळी धरीन."

ब तुकडीतल्या पोरी एकेक करून घरी बसायला लागल्या. अ तुकडीत कुणाला शिंकही आली नाही. ताईचा चेहरा फुलत होता आणि तो फुललेला मला बघवत नव्हता. तेवढ्यात ठकीला ताप भरला.

टायफॉइड, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात ठेवलं, पण पोरगी पार वाळून गेली, सारखी ग्लानीत असायची. "आतड्याला भोक पडलं तर कठीण होईल," असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी परत खाटेपाशी आलो आणि पांघरूण सारखं करत बसलो. दुसरं काय करणार?

ताई भिंतीला टेकून उभी होती. "ही तर उकळलेलं पीत होती," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "टाकीचं न पिता हिला झाला, तर माझा अंदाज चुकला." मी म्हटलं, "ताई, तुझा अंदाज घाल चुलीत." तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सरळ मुख्याध्यापकांकडे गेली आणि आपल्या तोंडानं सांगून आली की टाकीवरचा आरोप मी मागे घेते, एक उदाहरण विरोधात गेलंय. ते खूश झाले. टाकी तशीच राहिली. अ तुकडीचे कॅनही बंद झाले, कारण आता उकळायचं कशासाठी?

आठवडाभरानं ठकीला थोडी शुद्ध आली. ताई उशाशी होती, मी पायाशी. ठकीनं आत्याचं बोट धरलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "आत्या, आईला सांगू नकोस हं."

"काय गं?"

"बाटलीतलं पाणी मी रोज कुंडीत ओतायचे. मी टाकीचंच प्यायचे, सगळ्या ब सारखं. एकदा वास येत होता, तरी प्यायले." तिनं धाप घेतली. "नाहीतर तुझा प्रयोग बिघडला असता ना?"

ताई एकदम उठून उभी राहिली. मला तिला हाताला धरून खोलीबाहेर काढावंसं वाटत होतं, आणि ती पडेल म्हणून तिला धरावंसंही वाटत होतं.

"मी बरोबर केलं ना, आत्या?"

ताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पर्स, चप्पल तिथंच टाकून ती जिन्याकडे धावत सुटली. शाळेच्या मधल्या सुट्टीची वेळ झाली होती. अ तुकडीच्या पोरी नळाला ओंजळ लावून उभ्या असणार.