खिशात राहिलेली पितळी पट्टी

परवा शेजारी बाभळीचं लाकूड जळलं आणि त्या वासानं मला थेट हसनाबादला, सासऱ्यांच्या अंगणात नेलं. तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं, तरी सासरे माझ्याशी एक शब्दही बोलत नव्हते. त्यांच्यावर छाप पाडायला मी त्यांच्यासमोरच चाकू घडवला. धार अशी, की वारासुद्धा वळसा घालून जायचा! पात्याचं मागचं टोक लालभडक तापवून बाभळीच्या मुठीत ठोकलं. दोन बैल जुंपले तरी मूठ निघाली नसती.

तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, बोट पात्यावर घसरू न्हाई म्हणून केलेली पितळी पट्टी तुमच्या खिशातच हाय! ती मूठ ठोकायच्या आधी ओवायची व्हती ना?”

तेव्हा मी शरमेनं वितळलो. आज तीच माझी सगळ्यात शहाणी चूक वाटते. कारण सासरे पोट धरून हसले आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

“जावईबापू, मलाबी एक चाकू करा. मंग पट्टी मीच ओवतो.”