मागची सीट रिकामी असताना

ईरा, निहार — हे खरं तर तुमच्या दोघांसाठी लिहिलंय. तुमची आई म्हणाली, इतरांनाही वाचू दे, म्हणून या सदरातही देते आहे.

वर्ध्याला मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. वाक्यात कर्ता सापडला नाही की माझं लाल पेन बाहेर यायचं. भुतंखेतं, अंगात येणं, संकेत मिळणं... यांतल्या कशालाच मला कधी कर्ता सापडला नाही, त्यामुळे माझ्या लेखी ती सगळी चुकलेली वाक्यं. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. एका ठिकाणी मात्र अडले आहे.

आपली जुनी पांढरी गाडी तुम्हाला आठवत असेल. आजोबांनी मला तिच्यावरच चालवायला शिकवलं. मी चालवत असले की ते मागे बसायचे, कारण शेजारी बसलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधायचा! मी उगाच ब्रेक मारला किंवा गिअर चुकवला की मागून एकच शब्द यायचा — "काऊन?" म्हणजे 'का?' ते इथलेच, आर्वीचे, मी पुण्याची. "का म्हणावं," असं मी बेचाळीस वर्षं दुरुस्त करत राहिले. ते गेल्याला आता तीन वर्षं झाली.

यंदा कापूस वेचणीला आला त्या सुमारास गाडीच्या मागून आवाज येऊ लागला. खट्... मग थोडं थांबून पुन्हा खट्. गुरुवारी मला कुसुमवन्संना, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीला, आर्वीहून नागपूरला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. तारीख मोठ्या मुश्किलीने मिळालेली, आणि वन्सं दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायला तयार नव्हत्या. म्हणून मी वही केली. तारीख, ठिकाण, वेग, मागे कोण, आवाज आला का — असे पाच रकाने. चार दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. मागची सीट रिकामी असली तरच आवाज येतो. कोणी बसलं की बंद.

मंगळवारी सकाळी वही घेऊन देवळीला बंडू मेकॅनिककडे गेले. त्याने वही उलटसुलट करून पाहिली.

"काकू, गाडीचं प्रगतिपुस्तक बनवलं का तुमी?"

"वाच. मग बोल."

वाचल्यावर मात्र तो गंभीर झाला. मागे वजन पडलं की आवाज बंद होतो, म्हणजे पाट्यांचे बुश झिजले असणार, असं त्याचं निदान. गाडीच्या मागच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग असतात, त्यांना पाटे म्हणतात, आणि त्यांच्या टोकांना बसवलेल्या रबरी कड्यांना बुश. त्याने बुश बदलले आणि ऐकायला स्वतः मागे बसला. पाच किलोमीटर गेलो, परत आलो. आवाज नाही. तो उतरला, मी एकटी निघाले... चौकाच्या आधीच खट्. तशीच वळून परत आले.

"मले तं काईच आयकू नाई आलं," बंडू म्हणाला. "काकू, आता कान दाखवून घ्या एकदा."

"माझे कान शाबूत आहेत. तू 'मला'च्या जागी 'मले' म्हणतोस तेही ऐकू येतं."

"काकाजी गेले, आता मलेच शिकवून राह्यल्या का!" तो हसला. मग त्याने आपला फोन रेकॉर्डिंगवर लावून मागच्या सीटच्या फटीत खोचला. काचा बंद, रेडिओ बंद. मी एकटीच गेले आणि आले. वाटेत मी एक शब्दही बोलले नाही.

गॅरेजच्या बाकड्यावर बसून आम्ही दोघांनी ऐकलं. इंजिनाची घरघर. खट्. थोड्या वेळाने खट्. आणि मग, फोनच्या अगदी जवळून, हलक्या आवाजात एक शब्द.

बंडू ताडकन उठला. "बराबर! कराऊनच असन. माह्या ध्यानातच नाई आलं."

"काय म्हणालास?"

"तुमीच तं म्हणाल्या ना काकू. कराऊन."

क्राऊन म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्यात असलेलं मोठं दातेरी चक्र. त्याच्यामुळेच मागची चाकं फिरतात. मला त्या दिवसापर्यंत हे नाव माहीत नव्हतं. मला ऐकू आलं होतं ते — "काऊन?"

बंडूने गोळा उघडला. क्राऊनचे दोन बोल्ट निघून खाली तेलात पडले होते, बाकीचेही ढिले. त्याने ते तळहातावर घेऊन मला दाखवले. चेष्टा संपली होती.

"परवा नागपूरच्या रस्त्यावर चाकं जाम झाली असती, काकू. साठच्या स्पीडले." मग बोल्ट पुसत म्हणाला, "पण कराऊनचा आवाज मागं मानूस बसल्यानं बंद नाई होत. हे काई समजून नाई राह्यलं."

परवा वन्सं मागेच बसणार होत्या. म्हणजे तो आवाज आलाच नसता.

बुधवारी गाडी दुरुस्त झाली, गुरुवारी आम्ही वेळेवर पोहोचलो. वन्संचा डोळा आता छान आहे. त्यांना आर्वीला सोडून परत येताना मागची सीट रिकामी होती. आवाज आला नाही. खरं सांगते... मी कान देऊन होते.

ते रेकॉर्डिंग मी तुम्हाला पाठवलं, सोबत काहीही न लिहिता. ईरा, तुला नुसती खटखट ऐकू आली. निहार, तुला इथली बोली येत नाही, पण मित्रांमुळे हिंदी येते. तुझं उत्तर आलं — "आजी, मागे बसून 'कौन' कोण विचारतंय?"

बंडूच्या मते ते मीच बोलले. मी बोलले नव्हते. इंजिनाच्या घरघरीत माणसाला आपापला शब्द ऐकू येत असेल, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण मग बंडूला नेमकं बिघडलेल्याच भागाचं नाव कसं ऐकू आलं?

वही अजून माझ्याकडे आहे. मंगळवारच्या त्या ओळीत, 'मागे कोण' या रकान्यात, मी सवयीने 'कोणी नाही' लिहिलं होतं. ते मी खोडलं. तिथे काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.