ब्लूबेरीचा शेवटचा डबा

पुण्याहून जालन्याला निघाले तेव्हा मांडीवर थर्माकोलचा रिकामा खोका होता. कंडक्टर म्हणाला, खोक्याचं अर्धं तिकीट पडेल. येताना यात ब्लूबेरी असणार आहेत, असं सांगितल्यावर त्याने तिकीट सोडलं आणि खोक्याला खिडकीची जागा दिली. मी कडेला बसले.

ब्लूबेरी म्हणजे आपल्या जांभळाचा बुटका परदेशी भाऊ. अमेरिकेहून गोठवून आलेले आठ डबे मी दोन वर्षांपूर्वी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या शीतगृहात ठेवले होते. आमच्या प्रयोगशाळेचा फ्रीज वीज गेली की रडायला लागायचा. इतका काळ साठवलेल्या फळात जीवनसत्त्वं किती उरतात, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. साठवण्याआधीचे आकडे हाताशी होते. आताचे मिळाले नाहीत तर सगळा प्रबंध पाण्यात जाणार होता. शीतगृह सांभाळणारे रंगनाथकाका दर तीन महिन्यांनी कार्ड टाकत, 'मालाचा दर्जा उत्तम.' अशी सात कार्डं मी निर्धास्तपणे फाइलला लावली होती.

बियाणे कंपनी म्हटल्यावर नवीन जालन्यातल्या रिक्षावाल्याने मला तीन कंपन्या हिंडवल्या. चौथी माझी निघाली. काका भर मे महिन्यात स्वेटर आणि कानटोपी घालून बाहेर आले. आधी जेवा म्हणाले. डब्यात धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट, थापलेल्या पोळ्या) आणि दही होतं. मी चार खाल्ले.

मग आत गेलो. फळीवर एकच डबा होता. बाकीचे सात कुठे, असं विचारलं तर काकांनी अभिमानाने एक वही उघडली. दर तीन महिन्यांनी एक डबा फोडून, फळं कुस्करून, बिया ओल्या कागदावर ठेवून त्यांनी कोंब मोजले होते.

"आणि गर?"

"धुवून टाकला. टमाट्याचं बी काढताना गर कोण ठेवतं, ताई? दर्जा म्हंजी उगवण."

तो गर चौकीदाराच्या म्हशीने मोरीपाशी चाटून संपवला होता. म्हैस बाहेरच बांधलेली होती, फार तुकतुकीत.

आठवा डबा मी उचलला, तसा काकांनीही धरला. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि वहीतला शेवटचा रकाना त्यांना कोरा ठेवायचा नव्हता. माझं काम काय ते तुम्ही कधी विचारलंत का, असं मी त्यांना ताडकन सुनावलं आणि तिथेच पोत्यावर बसकण मारली. तेही समोर बसले. मी कुडकुडायला लागले तेव्हा त्यांनी स्वेटर काढून मला दिला, पण डबा सोडला नाही.

"ताई, थंडीनं मरून राह्यलो दोघं," ते शेवटी म्हणाले. "मला बिया पायजेत, तुम्हाला गर पायजे. मंग भांडून कशाला राह्यलो?"

चहाच्या गाळणीतून आम्ही फळं दाबून काढली. बिया त्यांच्या, गर माझा, आणि निळे हात दोघांचे.

परतीच्या वाटेत बर्फ वितळला. एका रसवंतीवाल्याने नवा दिला. खोक्यात कुणाचं तरी औषध आहे अशी त्याची समजूत झाली होती, ती मी राहू दिली. प्रयोगशाळेत पाहिलं, तर फळाचा रंग बराच टिकला होता, क जीवनसत्त्व मात्र खूप घसरलं होतं. साठवणीने दर्जा उतरतो, असं मी प्रबंधात लिहून टाकलं.

दोन महिन्यांनी काकांचं कार्ड आलं. 'साठवणीने दर्जा वाढला. पहिल्यापेक्षा जास्त उगवण. रोपे इथेच जालन्यात, मस्तगडला घरी आणली आहेत, रोज सावली बदलतो. कोणत्या रानात लावावी, तेवढे कळवावे.'

ब्लूबेरीला आंबट माती आणि कडक हिवाळा लागतो. जालन्याच्या काळ्या रानात ती जगत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि दोन वर्षांत त्यांना एका ओळीने सांगावं, असं मला सुचलं नाही. फार लाज वाटली. उत्तराचं कार्ड समोर आहे. अजून फक्त पत्ता लिहून झाला आहे.